भुललेला मामा कुठं जाते?

वडनेर भोलजी
१७ एप्रिल २०२५

मधू माय,

तुह्यं पत्र काल पोस्टातल्या धम्मशीलानं स्वतः घरी आनून देलं. दारातच उभी राहून म्हने, आजी, फोडा ना, पुन्याची नात काय म्हनते? म्या म्हनलं आधी पानी तं पी. पन मलेच दम कुठं होता. तिथंच वट्यावर बसून वाचलं अन् कुरडयांचा चीक चुलीवर लागून गेला. तुही मामी अजून बोलून राह्यली. बोलू दे. नातीनं पुन्याहून पत्र धाडून गोष्ट मांगितली, अशी आजी दाखव म्हना मले दुसरी.

फोनवर आपलं जमत नाही हे तुहं खरं हाय. कानातलं मशीन फोनले लागलं का कुकरवानी शिटी मारते. तू इचारते आजी कशी आहेस, मी म्हनते उतरवलं वो गॅसवरून. पत्रच बरं.

त्या प्रकाशनवाल्या बाईनं तुह्यं पुस्तक परत केलं, म्हने यातलं जग उसनं हाय. पहिले तं मले तिचा लय राग आला. मंग पुढं वाचलं का तुह्या राज्यात सहा महिने बर्फ पडते अन् राजकन्या लांडग्याचं कातडं पांघरून फिरते. मधू, बर्फ तू कवा पाह्यला वो? रसवंतीवर पाह्यला तेवढाच! अन् तो बी भुशात ठेवलेला.

एकतीस मेपर्यंत नवं लिहून देलं तं ते छापतीन, नाही तं नाही. अन् नाही जमलं तं तू लिहिनंच सोडून देशीन म्हनते. असं काऊन म्हनते माय? इथलंच पायजे ना त्या बाईले? मंग इथलं काय कमी हाय! नांदुऱ्याचा मोठा हनुमान आठव, तो आभाळाएवढा पुतळा. एसटीतून दिसला का तू माह्या मांडीत डोकं खुपसत होती. म्हने, आजी, तो आपल्या गाडीमांगं एक पाऊल टाकून राह्यला. साऱ्या गाडीत कोनाले दिसलं नाही, तुले दिसलं. अन् उन्हाळ्यात वावराले भेगा पडल्या का त्यात चिंचोके टाकत होती, जमिनीखालच्या पोट्ट्यायले खेळाले. मंग भेगेले कान लावून बसे. काय आयकते म्हनलं तं म्हने, मोजून राह्यले ते.

आता तुले पायजे ती आसरांच्या विहिरीची कहानी. देते. पन अडचन हाय. दिवसा कहानी सांगतली का आयकनाऱ्याचा मामा वाट भुलते, हे तं तुले माहीत हाय. तुहा मामा म्हंजे माहा वैजनाथ. रात्री लिहावं तं मोतीबिंदूच्या डोळ्याले ओळी एकमेकीच्या अंगावर चढतात. दिवसा लिहावं तं वैजनाथ मंडपाचा टेम्पो घेऊन गावोगाव. भर लगनसराई. तो भुलला तं कोन्या पोरीचं लगन उन्हात लागन, बिना मंडपाचं!

लय इचार केला. मंग माहं डोकं चाललं. घरी झोपलेला मानूस वाट कशी भुलन? ज्या दिवशी मुहूर्त नाही त्या दिवशी तो पंख्याखाली घोरते. त्याच दिवशी लिहीन. आज तिथी नाही. त्याच्या खोलीले बाहेरून कडी लावून घेतली हाय.

तं आयक. आपल्या वावरातल्या पायऱ्याच्या विहिरीत सात आसरा राहतात, सात बहिनी, पान्याच्या देव्या. सगळ्यात लहान जे होती तिले वरचं जग पाह्याची लय हौस. एक दिवस बहिनींचा डोळा लागला तशी ती पायऱ्या चढून वर आली. अन् पाहते तं काय, गावाले येनाऱ्या साऱ्या वाटा

थांब. कडी वाजून राह्यली. त्याले कोन्या लगनवाल्याचा फोन आला. कहानी बंद.

तुही आजी अन्नपूर्णा


पुणे
२४ एप्रिल २०२५

प्रिय आजी,

वाटांचं काय झालं? असं वाक्य मधेच सोडून कोणी पाकीट बंद करतं का? मी तो कागद उलटा करून पाहिला, पाकिटात बोट घालून पाहिलं.

तुझं पत्र मी दिवेलागणीनंतरच वाचलं, शपथ. मामाला काही होऊ द्यायचं नाही. पण आजी, पोटच्या पोराला बाहेरून कडी लावणं बरं दिसत नाही.

तू म्हणतेस ते चिंचोके मी विसरूनच गेले होते. आता आठवलं आणि दिवसभर दुसरं काही सुचेना. आमच्या सोसायटीत माती नाही, फरश्या आहेत. त्यांच्या फटीतसुद्धा काल वाकून पाहिलं. वॉचमन म्हणाला, मॅडम, काही पडलं का? मी म्हणाले, हो, खूप वर्षांपूर्वी.

लवकर लिही. मे महिना डोक्यावर आलाय.

तुझी मधू


वडनेर भोलजी
२ मे २०२५

मधू माय,

आखजीच्या, म्हंजे तुमच्या अक्षय तृतीयेच्या दिवशी लगनंच लगनं होते. वैजनाथनं इतके मंडप बांधले का त्याले झोपीत बी दोर सोडाची सवय लागली, माह्या खाटेचा सुंभ ओढत होता. आज मोकळा हाय. यावेळी म्या फोन बी काढून घेतला, डाळीच्या डब्यात ठेवला.

आखजीले भेंडवळले घट मांडले. पाऊस कसा, पीक कसं, सारे तिथं आयकाले जातात. वैजनाथ त्या बाजूनं चालला होता, म्या म्हनलं, आपल्या मधूच्या पुस्तकाचं बी इचारजो. म्हने माय, तिथं पिकाचंच सांगतात. मंग पुस्तक काय पीक नाही? पेरा लागते, राखा लागते, गारा पडल्या का सारं आडवं. नाही इचारलं त्यानं. भेकड हाय.

हं, वाटा. तं ते लहानी आसरा पाहते, तं गावाले येनाऱ्या साऱ्या वाटा, मानसायले वाट भुलवते त्या चकव्यानं गुंडाळल्या अन् काखेत मारल्या. वैजनाथचे मंडपवाले पोट्टे सतरंज्या गुंडाळतात ना, तशाच. आसरा म्हने, अरे मेल्या, या वाटेवर मानसं चालून राह्यले! चकवा म्हने, मी काय करू? गावात कोनीतरी दिवसा कहानी सांगून राह्यलं. कहानीले चालाले वाट लागते. रात्री साऱ्या वाटा रिकाम्या असतात, कोनतीबी घ्यावी. दिवसा मातर पायाखालची ओढा लागते.

ते म्हने, कोनाच्या पायाखालची?

चकवा म्हने, मामाच्या. बाप घरी येते ते कामाहून दमून येते, त्याची वाट मुकी असते. मामा येते ते खाऊ घेऊन येते, भाच्यायले काय काय सांगाचं ते मनात जुळवत येते. त्याच्या वाटेले कहानीची सवय असते.

हे माह्या मायनं सांगतलं का आता लिहिता लिहिता माह्याच डोक्यातून निंघालं, मले आठवत नाही. पन लिहून झालं तवा मलेच लय गोड वाटलं. म्या स्वतःशीच हासली. मामी म्हने, आता आजीले बाहेरून कडी लावा.

तुही आजी


पुणे
१० मे २०२५

आजी, आजी, आजी,

राजकन्या गेली! बर्फ वितळला! लांडगे मी सगळे सोडून दिले.

आता माझ्या पुस्तकात एक गाव आहे, काळ्या मातीचं. तिथली एक मुलगी आजारी भावाला बरं वाटावं म्हणून भर दुपारी गोष्ट सांगते. आणि त्या क्षणी गावातले सगळे मामा नाहीसे होतात. रस्त्यात सायकली उभ्या, चाक अजून फिरतंय, हँडलला जिलबीचा पुडा लटकतोय, आणि मामा नाही. मग ती वावरातल्या भेगेतून खाली उतरते त्यांना शोधायला. खाली चिंचोके मोजणारी पोरं तिला वाट दाखवतात. चकवा आहे. तुझी धाकटी आसरा आहे. मी जेवायचं विसरते, आई फोनवर ओरडते.

पण आता अडलेय. मुलगी चालत चालत शेवटी पोचते, तर कुठे? भुललेला मामा जातो कुठे? मी चकव्याचा तुरुंग लिहून पाहिला. वाचला तर तो पुन्हा तोच उसना किल्ला निघाला, फक्त दगड काळे केलेले. फाडून टाकला. शेवटाशिवाय पुस्तक देता येणार नाही, आणि एकतीस मे काही हलणार नाही.

तुला माहीत असेलच ना? तुझ्या आईने सांगितलं असेल. सांग ना आजी, मामा कुठे जातो?

मधू


वडनेर भोलजी
१५ मे २०२५

मधू माय,

यात कहानी नाही, नुसत्या चौकशा हाय, म्हनून आज बिनधास्त लिहून राह्यली. वैजनाथ बाहेर गेला तरी भेव नाही.

तुह्या सवालानं साऱ्या गावाले कामाले लावलं! पाहाय बाप्पा, इतक्या पिढ्या मामा भुलते म्हनून भेल्या, पन कुठं जाते हे एकाही बाईनं इचारलं नाही. तूच पहिली.

म्या तुह्या मामीले इचारलं. म्हने, याले भुलाले कहानी कायले पायजे? कोनी जेवाले चला म्हनलं का हा भुलला. धम्मशीला म्हने, आजी, पिनकोड नसन तं आमच्या खात्याले सांगता येनार नाही. पन तिनं मंग पोस्टात येनाऱ्या साऱ्यायले इचारलं. गेले दोन दिवस पोस्टात मनिऑर्डरपेक्षा मामाचीच चर्चा जास्त होऊन राह्यली.

मंग शेषराव गुरुजीकडं गेली. शिकलेला मानूस, रिटायर झाले तरी पेपर साऱ्या गावाआधी वाचतात. म्हने, अन्नपूर्णाबाई, हे सारं अंधश्रद्धा हाय, तुम्ही नातीले असं काही शिकवू नका. म्या म्हनलं बरं. निंघाली तं फाटकापर्यंत मांगं आले. हळूच म्हने, बाई, मले सहा भाचे हाय अन् उद्या मी अकोल्याले चाललो. उद्याचा दिवस काही सांगू नका.

तर असं. मले काही माहीत नाही, मधू. माय म्हने मामा वाट भुलते, अन् मी भिऊन चूप बसे. पुढचं तिनं सांगतलं नाही. तू कितीक आशेनं इचारलं अन् आजीकडं काहीच नाही. पन तू लिहिनं सोडजो नको. मी आनखी इचारते. बसथांब्यावर बसून इचारीन.

तुही आजी


पुणे
१९ मे २०२५

प्रिय आजी,

आज मी संपादक बाईंकडे गेले होते. सगळं लिखाण दाखवलं. त्यांनी विचारलं, हे कुठून आलं? मी तुझी पत्रं पिशवीतून काढली आणि वाचत सुटले. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतले लोक येऊन उभे राहिले. आसरांची गोष्ट वाचली, चकव्याची वाचली. वाचता वाचता खिडकीकडे लक्ष गेलं, तर बाहेर रणरणतं ऊन.

आजी, मी भर दुपारी वाचलं. मोठ्याने. ऐकणारी मीही होतेच की, विसरलेच गं.

बाई म्हणाल्या, हे जग आता तुझं आहे, यात शंका नाही. पण शेवट कुठाय? शेवट नसेल तर मी छापू काय? मुदत वाढवायचं त्यांनी नावही काढलं नाही.

संध्याकाळपासून मामाला फोन लावतेय. लागत नाही. तुझ्या कानाला शिटी, मामीचा फोन चार्जिंगला. आज तिथी होती का गं? मामा घरी होता ना?

लगेच कळव.

मधू


वडनेर भोलजी
२४ मे २०२५

मधू! मधू माय! बस खाली. पानी पे. मंग वाच.

तुह्यं पत्र आज आलं. वरची तारीख पाह्यली अन् म्या अशी किंकाळी फोडली का धम्मशीला अर्ध्या गल्लीतून परत आली. एकोनीस मे! सोमवार! त्याच दिवशी तुहा मामा वाट भुलला! घाबरू नको, घरी हाय, जेवून राह्यला. ही कहानी नाही, घडलेलं हाय, म्हनून दिवसा लिहिलं तरी चालते.

सोमवारी त्याले मंडप बांधाचा नव्हता, सोडाचा होता. धामनगाव बढ्याले आदल्या दिवशी लगन झालं, तिथून सामान उचलून आनाचं. रिकामा टेम्पो घेऊन एकटाच गेला. रस्त्याचं काम चालू, वळसा घे म्हने. यानं वळसा घेतला, मंग त्या वळशाले आनखी वळसा. मोबाईलची बॅटरी मेली, ते अजून जिती झाली नाही. धामनगाव मांगं राहून गेलं अन् हा भलत्याच वाडीत. इतके वर्षं मोटार चालवते, पन म्हने माय, ते वाट मले ओढून घेऊन गेली. त्याच टाइमाले तू तिकडं वाचून राह्यली होती!

वाडीत एका घरापुढं मंडप दिसला, लाल-पिवळा, आपल्यावानीच. याले वाटलं हाच तो. कोनाले इचारलं नाही. टेम्पो लावला, कमरेले फडकं बांधलं, चढला वर अन् सोडले दोर. दोन खांब मोकळे केले तवा खालून एक मानूस ओरडला, "अबे ए! लगन तं लागू दे ना आधी!"

तो पोरीचा बाप, जानराव. लगन अजून लागाचंच होतं वो! खालून सारे वऱ्हाडी हासून राह्यले अन् हा वर टांगलेला, हातात दोर.

आता पुढचं आयक. पोरीचं नाव श्रद्धा. तिची माय वंदनाबाई, तिले भाऊच नाही. चुलत्यातला एक मानूस मामा म्हनून उभा राहनार होता, तो सकाळीच रुसून गेला. म्हने आहेरात देलेली टोपी माह्या डोक्याले लहान होते. अन् आतून भटजी आवाज देऊन राह्यला, मुलीचे मामा, मुलीले घेऊन या! मामा असन तं येईन. नवऱ्याकडच्या बाया एकमेकीच्या कानात लागल्या. पोरगी घरात बाशिंग बांधून बसलेली, आयकून राह्यली सारं.

तवा जानरावची म्हातारी माय, डोळ्याले कमी दिसते तिले, पन तिनंच वर मान करून इचारलं, "काय रे, तू कोन्या पोराचा मामा हाय का?"

वैजनाथ वरूनच म्हने, "हाव. पुन्याच्या मधूचा."

"मंग उतर खाली," म्हने.

उतरला बापा! हातपाय धुतले. ते रुसल्याची टोपी याच्या डोक्याले बरोबर बसली. वंदनाबाईनं भाऊ म्हनून ओवाळलं. अन् तुह्या मामानं त्या पोरीले हात धरून बाहेर आनलं, अंतरपाटामांगं उभा राह्यला, मंगलाष्टकं सरेपर्यंत हालला नाही. वाडीतले लोक सांगतात, पोरीच्या मायपेक्षा हाच जास्त रडला. मंग आधी सोडलेले दोन खांब स्वतः बांधून देले अन् मंगच जेवाले बसला. दिवस बुडाला तवा टोपी घालून घरी आला. मामी म्हने, कोनाचं लगन लावून आले? हा म्हने, भाचीचं.

तवा मी नुसती हासली होती. आज तुही तारीख पाह्यली अन् माह्या डोक्यात लखकन उजेड पडला. मधू, तुहा सवाल सुटला! मामा तुरुंगात जात नाही. चकवा त्याले कोंडत नाही. भुललेला मामा तिथंच जाते जिथं कोन्या पोरीले मामा नसते!

तुह्या पुस्तकातल्या पोरीले सांग, तुरुंग-बिरुंग पाहू नको. वाजंत्री कुठं वाजून राह्यली ते आयक.

हे पत्र साध्या तिकिटानं जाऊ देनार नाही असं धम्मशीला म्हने, स्पीड पोस्टच पायजे. लिही आता. लिही लवकर!

तुही आजी


पुणे
२८ जून २०२५

प्रिय आजी,

तुला सगळं नीट कळावं म्हणून मुद्दाम थांबले होते, आता सांगते. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी बसले ती एकतीसच्या सकाळीच उठले. दुपारी बाईंच्या टेबलावर पुस्तक ठेवलं. काल त्यांनी बोलावलं. पुस्तक घेतलंय आजी! दिवाळीआधी छापून येईल!

शेवट असा आहे. मुलगी वाजंत्रीच्या आवाजामागे चालत वर येते. तर गावोगाव मांडव, आणि प्रत्येक मांडवात एक एक हरवलेला मामा कुणा नवख्या मुलीच्या पाठीशी उभा. तिला तिचा मामा सापडतो. ती हात धरून ओढणार, एवढ्यात त्या नवरीचा चेहरा दिसतो. मग ती ओढत नाही. मांडवाबाहेर मामाच्या चपला राखत बसते, अक्षता पडेपर्यंत. हे लिहिताना मीही रडले. मामावर गेलेय बहुतेक.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. म्हणाल्या, बुलढाण्याकडे खरंच असं मानतात का, की भुललेला मामा बिनमामाच्या मुलीकडे जातो?

मी म्हणाले, आता मानतात.

तुझी मधू


वडनेर भोलजी
११ जुलै २०२५

मधू माय,

पेढे वाटले. साऱ्या गल्लीले, पोस्टाले, बसथांब्यावरच्या कंडक्टरले बी. शेषराव गुरुजीनं पेढा घेतला अन् म्हने, अंधश्रद्धा ते अंधश्रद्धाच, पन पुस्तक आलं का पहिले मले द्या. श्रद्धा तिच्या नवऱ्याले घेऊन येऊन गेली, मामाच्या घरी म्हनून. मले आजी म्हने. लय बोलते, आपल्यातलीच हाय.

तुही गोष्ट म्या गावात साऱ्यायले सांगतली, दिवेलागनीनंतरच. आता काय झालं ते आयक. आपल्या मांगच्या आळीत गोकर्णा राहते, आठवते का, शिवनकाम करते ते. तिच्या पोरीचं लगन तुळशीच्या लगनानंतरचं जमलं. अन् गोकर्णाले भाऊ नाही. चार बहिनीच.

काल भर दुपारी मी तिच्या घराच्या वळनावर गेली, तं गोकर्णा मशीन बंद करून वट्यावर बसलेली, हायवेकडं तोंड करून, मोठ्यानं कहानी सांगून राह्यली. आयकाले कोनी नाही, एक बकरी. म्या म्हनलं, काय करून राह्यली वो भर उन्हात? ते शरमली. म्हने, आजी, आतापासून सुरू केलं तं लगनापर्यंत कोनीतरी येऊन पोचन ना?

मी तिच्याजवळ बसली. बिचारीले कहान्या दोनच येतात, त्या बी अर्ध्या. पुढं हायवेवरून गाड्या जाऊन राह्यल्या होत्या, ट्रक, टेम्पो, मोटारसायकली, कितीक मानसं, कितीक मामा.

म्या पदर सावरला, घसा साफ केला अन् मोठ्यानं सुरू केलं.

तुही आजी
अन्नपूर्णा